उपासाचा चहा

चौंडेश्वरी पेठेत रत्नप्रभा सांगलेला तोंडावर रत्नाताई म्हणत आणि पाठीमागे घासमोजी. तिला दोन्ही नावं ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर दुसरंच अधिक आवडायचं. पहिल्यात नुसता मान होता. दुसऱ्यात थोडी भीती होती.

काम म्हटलं तर सोपं. रोज सकाळी पेठेतल्या बासष्ट दमेकऱ्यांच्या दारात जायचं, कालपासून पोटात काय काय गेलं ते विचारायचं आणि हातातल्या टॅबवर उतरवायचं. पण माणसाला काय खाल्लं म्हणून विचारणं म्हणजे साक्षीदाराची उलटतपासणी घेण्यातलं काम. खोटं कुणी बोलत नाही, आणि खरं कुणाच्या तोंडून आपण होऊन बाहेर पडत नाही.

"काय खाल्लासा काल, मामी?"

"काय खातोय बाई आमी? दोन भाकरी न् आमटी."

"आणि?"

"आणि काय न्हाई."

"नातवाच्या ताटातलं उरलेलं?"

"ते व्हय! ते काय खाणं म्हंत्यात? टाकवलं न्हाई म्हणून तोंडात घाटलं."

"काय होतं?"

"वाढदिवसाचा केक. चाकलेटचा. बोटभर गं, बोटभर!"

बोटभर लिहिलं की रत्ना पुढच्या दारात. पस्तीस वर्षं संसारात काढलेल्या बाईला माहीत असतं, की ताटात वाढून घेतलं तेवढंच खाणं. चुलीपुढं चाखलेलं, पोराच्या हातातून पडता पडता झेललेलं, पातेलं खरवडून बोटाला लागलेलं, हे सगळं वाऱ्यावर. रत्ना हा वाराच मोजायची. शेजारणीकडून एखादीच्या घरी येणाऱ्या दुधाचं माप काढून ती त्या बाईच्या चहाचे कप मोजायची. एका म्हाताऱ्याच्या तर ओठांवरच्या मिशीचा रंग पाहून तिने कॉफी पकडली होती.

हा सगळा खटाटोप श्वासबीजासाठी होता.

गाव मागांचं. खडखड पूर्वीचीच, पण सूत बदललेलं. नवा कापूस परवडेना, म्हणून जगभरच्या जुन्या कपड्यांच्या चिंध्या पिंजून त्यांचंच पुन्हा सूत काढायची टूम निघाली होती. त्या आखूड धाग्याचा भुरा असा उडे, की खिडकीतून आलेली उन्हाची तिरीप हाताने बाजूला सारावी असं वाटे. रत्नाचा नवरा आणि थोरला दीर, दोघांनाही त्या भुऱ्यानेच नेलं. पेठेत दर दुसऱ्या घरात एक तरी माणूस तीन उशांना टेकून बसलेलं असायचं. आडवं झालं की जीव गुदमरे.

मग श्वासबीज आलं. बीज म्हणजे पावाचं पीठ फुगवणाऱ्या यीस्टची सुधारलेली नात. कोरडी पूड नळीतून एकदा ओढली, की ती श्वासनळ्यांच्या अस्तरावर जाऊन बसायची आणि तिथंच, जागच्या जागी, नळ्या मोकळ्या ठेवणारं औषध पाझरत राहायची. रोज सकाळी एका यंत्रातून गोडसर वाफ ओढायची. तो बीजाचा खुराक. जेवढा खुराक तेवढं औषध. तीन उशांची माणसं महिन्याभरात एका उशीवर आली.

फक्त एक गोम होती. ते औषध चहातल्या कॅफीनच्या भावकीतलं. दोघांना शरीरातून बाहेर काढायचं दार एकच, यकृतातलं, आणि तेही अरुंद. चहा पोटात गेला की त्या दारात दोघांची रेटारेटी. औषध बाहेर पडेना, रक्तात साठत जाई. मग हात थरथरायचे, काळीज पळत सुटायचं, फिट यायची. आणि फार साठलं तर काळीज आपला ठेकाच विसरायचं. म्हणून वर्ज्य पदार्थांची यादी होती. चहा, कॉफी, चॉकलेट पूर्ण बंद. ज्येष्ठमध नको, पपनस नको, मिऱ्यांचा काढा नको. यादीतलं काही पोटात गेल्याचं दिसलं की नावापुढे त्रुटी लागायची. बोटभर केक माफ. भरल्या कपाला माफी नाही. तीन त्रुटी झाल्या की ही सरकारी योजना चालवणारं श्वासमंडळ बीज धुऊन काढायचं. पाच मिनिटांचा फवारा, बस्स. आणि एकदा धुतलं की शरीर ते बीज ओळखून ठेवायचं, पुन्हा रुजू द्यायचं नाही. जन्मात एकदाच.

मोठ्या शहरांतल्या महागड्या यंत्रांत श्वास हुंगून खाल्लेलं ओळखणारं नाक बसवलेलं होतं. योजनेच्या यंत्रात ते नव्हतं. त्याच्या जागी रत्ना होती.

तिच्या नोंदी इतक्या चोख, की मंडळाच्या संगणकाला शिकवायला साऱ्या जिल्ह्यातून तिच्याच निवडल्या गेल्या. कुठल्या वारी माणसं काय खातात, कुणाला किती खुराक द्यावा, हे तो तिच्या नोंदींवरून शिकला. मंडळाने तिला शाल आणि नारळ दिला. शाल तिने जावेला दिली, नारळाची चटणी केली आणि ती चटणी खाल्लेल्या दोघा दमेकऱ्यांच्या नावावर व्यवस्थित मांडली.

घासमोजीचं बोट एकाच ठिकाणी थांबायचं.

"आज काय खाल्लासा?"

"काय न्हाई बाई. उपास हाय."

मग ती पुढचं विचारायची नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. 'उपवास, काही नाही' एवढं टाकून उठायची. उपवासाच्या माणसाला खाण्याचं विचारणं म्हणजे देवाच्या कामात नाक खुपसणं. तिची आई विचारत नसे, सासू विचारत नसे. शिवाय सोमवारी आणि शुक्रवारी रत्नाचाही उपवास असायचा, आणि त्या दिवशी तीसुद्धा काही खायची नाही. म्हणजे साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, दाण्याचा लाडू, आणि चार वेळा चहा.

बीज आल्यापासूनच्या चार वर्षांत पेठेत भक्ती फार वाढली. ज्यांनी जन्मात उपवास केला नव्हता ते सोमवार धरू लागले, सोमवारवाले गुरुवारही धरू लागले, आणि संकष्टीला तर अख्खी पेठ उपाशी. देवळातला गुरव खूश होता. रत्नालाही गंमत वाटायची. "दम आला की देव आठवतो," असं ती म्हणायची. तिच्यासारख्या चलाख बाईला यात दुसरं काही दिसू नये, हे आश्चर्यच. पण आपण ज्या पाटावर बसलेलो असतो, त्याच्याखाली काय आहे ते आपल्याला दिसत नाही.

थोरली जाऊ इंदुमती, म्हणजे आक्का, बासष्टांतली एक. एकोणिसाव्या वर्षी नवी नवरी होऊन आलेल्या रत्नाला मागासाठी सुताची कांडी भरायला, भाकरी थापायला आणि सासूला उलट न बोलता आपलंच खरं करायला आक्कानेच शिकवलं. आता दोघीच घरात. आक्काचा मुलगा पुण्याला, रत्नाला मूल नाही. बीज घ्यायच्या आधी आक्का घरातल्या घरात भिंत धरून चालायची. बीज रुजल्यावर ती चौंडेश्वरीच्या देवळाच्या त्रेचाळीस पायऱ्या न थांबता चढली, वर जाऊन वळली आणि खाली बघून रत्नाला म्हणाली, "ये की गं सटवे! का उशी आणू?"

सोमवारी दुपारी दोघी उंबऱ्याशी बसायच्या. रत्ना आल्याचा, दोन चमचे साखरेचा चहा करायची. आक्का बशीत ओतून, डोळे मिटून भुरकायची. रत्ना स्वतःच्या हाताने तो बशीत ओतायची, आणि सकाळी त्याच हाताने तिने लिहिलेलं असायचं: इंदुमती सांगले, उपवास, काही नाही. तिला यात काही चुकतंय असं एकदाही वाटलं नाही. उपासच होता ना.

*

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी पार्वतव्वा गेली. साठीची बाई, कांड्या भरता भरता हात थरथरायला लागले, मग फिट आली, आणि रिक्षा येईपर्यंत खेळ संपला. गुरवाने सांगितलं, सोमवारी गेली, कैलासवास.

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून रत्ना पिठलं-भाकरी घेऊन गेली. पार्वतव्वाची सून भिंतीला टेकून बसली होती.

"उपाशीपोटीच गेली ओ आत्ती," सून म्हणाली. "दिसभर पोटात काय न्हाई. सकाळपास्नं पाच कप चा तेवढा घेतल्याला."

रत्नाने डबा खाली ठेवला. "पाच?"

"उपासाला आधार लागतोय की कायतरी. रोज तुमच्या भ्यानं घेत न्हवत्या. म्हणायच्या, रत्नी उपासाचं इचारत न्हाई, त्या दिवशी पिऊन घेती."

रत्नाने डबा उघडून पिठल्याची वाटी पुढे सरकवली. भाकरीवर हात ठेवून तिने विचारलं, "आणि खाल्लं काय होतं?"

"सांगितलं की, काय न्हाई. वाटीभर खिचडी, दोन रताळी."

चौथ्या सोमवारी निंगाप्पा वहिफणीवाला, मागासाठी ताण्याचं सूत लावून देणारा, कामावरच कोसळला. जगला, पण उजवा हात लुळा पडला. गणपतीनंतर आणखी एक बाई फिट येऊन दवाखान्यात. तो शुक्रवार. रत्नाने टॅब बाजूला सारला आणि कागदाची जुनी वही काढली. चार वर्षांत पेठेतून कोण कधी दवाखान्यात गेलं ते आठवून आठवून लिहिलं, आणि शेजारी वार आणि तिथी. अकरा नावं झाली. नऊंच्या पुढे सोमवार, शुक्रवार किंवा संकष्टी आली. उरलेल्या दोन नावांपुढे काय ते तिला आठवेना, तेव्हा आक्का आतून म्हणाली, "ती दोगी गुरुवार करत्यात."

*

श्वासकेंद्रातल्या डॉक्टर केतकी नेर्लेकर वयाने लहान, कामाला वाघ. त्यांनी वही दोनदा वाचली.

"ताई, या श्रावणापासून उपवासाच्या दिवशी संगणक खुराक दीडपट करतो. माहीत आहे?"

"नाही. का?"

"पोट रिकामं असलं की रक्तातली साखर उतरते. बीज अर्धपोटी राहतं, औषध कमी पाझरतं, म्हणून. तुमच्याच नोंदींवरून शिकलाय तो. सोमवार म्हणजे काही नाही, संकष्टी म्हणजे काही नाही."

रत्नाने वहीतली नावं पुन्हा चाळली. "आणि पोट रिकामं नसलं तर?"

"साबुदाणा, रताळं, चहातली साखर म्हणजे बीजाला पंगतच. वरून दीडपट खुराक. औषध दुप्पट-अडीचपट तयार होणार. आणि नेमकं त्याच दिवशी ते बाहेर जायच्या दारात चहा बसलेला." डॉक्टरबाई थांबल्या. "तुम्ही 'काही नाही' का लिहिलंत? एवढ्या चोख तुम्ही."

"उपासाचं खाणं धरत नाहीत."

"कोण धरत नाही?"

"कुणीच नाही," रत्ना म्हणाली, आणि तिची नजर टेबलावरच्या कपावर गेली. डॉक्टरबाईंचीही गेली. त्या दिवशी संकष्टी होती. डॉक्टरबाईंनी कप उचलून खाली, पायाशी ठेवला.

नवरात्राला अकरा दिवस राहिले होते. पेठेत घट बसले की नऊ दिवस उपवास, आणि सलग नऊ दिवस दीडपट खुराक. एका सोमवारी एक पार्वतव्वा जात होती. नऊ दिवसांचं गणित रत्नाने मनात मांडलं आणि अर्ध्यावर सोडलं.

"संगणकाला सांगा की, चुकलं म्हणून."

"सांगितलं तर चौकशी, मग बैठक. दिवाळी उजाडेल. माझ्या हातात एकच आहे. ज्याची त्याची जुनी नोंद दुरुस्त करायची. ती दुरुस्त झाली की त्या माणसाचा उपवासाचा खुराक त्याच दिवशी उतरेल."

"मग करूया की."

"नुसती खिचडी लिहून भागणार नाही, ताई, चहा लिहावा लागेल; चहावर नेहमीचा खुराकही जड जातो. श्रावणातले चार सोमवार म्हणजे चार त्रुटी. तीनला धुतात."

"आणि यंत्रच बंद ठेवलं तर?"

"खुराक चुकवणं हीसुद्धा त्रुटीच."

बाहेर पडताना डॉक्टरबाई दारापर्यंत आल्या. "दुसरी एक वाट आहे. त्यांना चहा सोडायला सांगा. नऊ दिवस फक्त."

*

रत्नाने सांगितलं. दारोदार जाऊन, हात जोडून, पार्वतव्वाचं नाव घेऊन सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या. सगळ्यांनी "बरं, बरं" म्हटलं. आणि त्या "बरं"चं वजन घासमोजीइतकं कुणाला कळणार? पुढच्या शुक्रवारी ती मुद्दाम दुपारी फिरली. दर चौथ्या दारातून आल्याचा वास येत होता. तिची चाहूल लागली की आतून पातेल्यावर झाकण पडायचं.

तिच्या स्वतःच्या घरातही तेच. आक्का शेजारच्या पडवीत बसून, पदराआड बशी धरून भुरकत होती.

"आक्का!"

आक्का दचकली नाही. उरलेला घोट घेतला, बशी पुसली. "काय गं?"

"मरशील! सांगितलं ना, काळीज बंद पडतंय."

"आन चा न्हाई घेतला तर उपास कसा निभवायचा? देवीला चालतोय चा. तुज्या वहीलाच का चालंना?"

"मग उपास सोड."

"बीज घ्यायच्या आधी बोलले हुते आईला. पायऱ्या चढू दे, नऊ दिस कडक उपास धरीन. चढवलं तिनं. आता माघार घेऊ?" मग आवाज उतरवून ती म्हणाली, "रत्ने, तू इचारू नगंस. चार वर्सं इचारलं न्हाईस, आता नऊ दिस इचारू नगंस."

त्यानंतर दोन दिवस रत्नाने टॅबला हात लावला नाही. पार्वतव्वा गेल्यापासून पेठेत एकसष्ट उरली होती. खरोखर चहा न पिणारी, तिच्या हिशेबाने, चार. उरलेली सत्तावन्न. लिहावं तर सत्तावन्न माणसं पुन्हा तीन उशांवर. न लिहावं तर त्यांतली किती दसरा बघतील, ते देवीलाच माहीत. उशीवरचं माणूस वर्ष काढतं, दोन वर्षं काढतं. शिव्या तरी देऊ शकतं. शेवटी हेच तिने धरलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती केंद्रात जाऊन बसली आणि एकेकाचे सोमवार उघडत गेली. चहा चार. चहा पाच, खिचडी. चहा तीन, पपनस अर्धं. कुणी किती प्यायलं ते विचारावं लागलं नाही. पेठेतलं प्रत्येकाचं पातेलं तिला माहीत होतं. छप्पन्न नावं झाली. सत्तावन्नावं नाव पडद्यावर आलं: इंदुमती सांगले. उपवास, काही नाही.

रत्नाने ते तसंच ठेवलं. आक्का आपल्या डोळ्यांपुढे आहे, तिने स्वतःला सांगितलं. चहाचा डबा मी कमरेला बांधून फिरेन, शेजारची पडवी धरून बसेन. एकीला राखणं जमेल.

*

दोन दिवसांत छप्पन्न जणांना केंद्रात बोलावून फवारा दिला. त्यात सगळ्यांच्या तोंडाला कडू चव आली. आठवडा संपायच्या आत पेठेत पुन्हा ते आवाज सुरू झाले, जे चार वर्षं कुणी ऐकले नव्हते: जुन्या दारासारखी करकर, पडवीपडवीतून.

रत्नाशी कुणी बोलेना. पाणी भरायला ती गेली की घोळका बाजूला व्हायचा. ज्या मामीचा बोटभर केक तिने लिहिला होता, ती मामी दोन शब्दांमागे दम घेत म्हणाली, "लिव. शाप दिला... म्हणून लिव. तीन येळा... दिला."

"उपासाच्या दिवशी मेला असता, मामी."

"कोण मेलं?... दाव की... कोण मेलं ते."

ते मात्र रत्नाला दाखवता येत नव्हतं. घट बसले, पहिला दिवस गेला, दुसरा गेला, चौथा गेला. पेठेत कुणाला फिट आली नाही. न आलेली फिट दाखवायची कुठून?

घरात चहाचा डबा खरोखर तिच्या कमरेला होता. आक्का चिडली, रुसली, तिसऱ्या दिवशी डोकं धरून पडली, पण राहिली. ललितापंचमीला ती नेसून तयार झाली आणि देवळाला निघाली. रत्ना मागून.

पायऱ्यांच्या तळाशी पेठ जमली होती. निंगाप्पाला दोघांनी काखेत धरून आणलेलं. मामी चौथ्या पायरीवर बसली होती, खालच्या पाच जणी तिच्या उठायची वाट बघत होत्या, आणि उठायची कुणालाच घाई नव्हती. आक्का पदर खोचून त्यांच्या मधून चढू लागली. दहावी, विसावी. थांबणं नाही, दम नाही. खालचं बोलणं बंद झालं. करकर तेवढी चालू. तिसाव्या पायरीवर आक्काने मागे वळून पाहिलं. एकसष्ट वर्षांची आक्का एकटी वर, आणि तिच्या लग्नात नाचलेल्या, तिच्या बाळंतपणाला धावलेल्या सगळ्या खाली, तोंडं उघडी ठेवून बघताहेत.

खालून मामीचा आवाज आला. मोठा नव्हता. "घासमोजीची... जाऊ हाय ती. तिचा घास... कोण मोजंल?"

आक्का वर गेली नाही. तेरा पायऱ्या ठेवून उतरली.

घरी येऊन तिने देवीला न वाहिलेला नारळ कोनाड्यात ठेवला आणि पाटावर बसली. "टॅब काढ."

"आक्का, डोळ्यात तेल घालून राखलंय मी तुला. नऊ दिवस जाऊ दे, मग..."

"काढ म्हंते न्हवं. आन इचार. जसं सगळ्यास्नी इचारतीस तसं."

रत्नाने टॅब मांडीवर घेतला. श्रावणातला पहिला सोमवार उघडला. मग हळू विचारलं, "श्रावणातल्या सोमवारी काय खाल्लासा?"

"पैल्या सोमवारी चा पाच. साखर दोन-दोन चमचे. तूच केल्याला. दुसऱ्याला सा, पार्वतव्वाच्या बातमीनं एक जास्त झाला. तिसऱ्याला चार. लिव्हलंस?"

"लिहिलं."

"खिचडी लिव. आन ती खरवड बी लिव, पातेल्याची. आन लाडू करताना दाणं खाल्लं मूठभर. बुदवारी तू केंद्रात गेलीस की शेजारी एक कप. दर बुदवारी हां. आन गेल्या वर्सी दसऱ्याला पपनस. सोलून, मीठ लावून. आख्खं." इथे आक्काला हसू आलं. "तुला वास आला न्हाई, तवा वाटलं, म्हातारी झाली घासमोजी."

"वास आला होता," रत्ना म्हणाली.

आक्काने तिच्याकडे पाहिलं. मग हात लांब करून तिच्या गालावरचं पाणी अंगठ्याने पुसलं, जसं नव्या नवरीचं पुसलं होतं. "मग ते बी लिव. तुज्या नावावर."

रत्नाने लिहिलं. खाली एक जागा होती, नोंद घेणाऱ्याचा शेरा. चार वर्षांत तिने तिथे कधी काही लिहिलं नव्हतं. तिने लिहिलं: हा चहा मी केला.

*

आक्काला सप्तमीला धुतलं. पायऱ्या तेराच राहिल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

नवरात्र पार पडलं. पेठेतून एकही अंत्ययात्रा निघाली नाही, आणि त्याबद्दल कुणी रत्नाला काही म्हणालं नाही. दिवाळीनंतर मंडळाची बैठक झाली. संगणकाला उपवास म्हणजे काय ते नव्याने शिकवलं गेलं, यादीच्या वर मोठ्या अक्षरांत 'उपवासाच्या दिवशीही' असं छापलं गेलं, आणि पुढच्या गावांत बीज सुरू झालं. ज्यांचं धुतलं त्यांना काही करता येण्यासारखं नव्हतं. डॉक्टरबाई स्वतः येऊन सांगून गेल्या. चहा घेतला नाही.

रत्नाची सकाळची फेरी आता अर्ध्या तासात आटपते. चार दारं. चारही माणसं खरं सांगतात. त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नसतंच.

मार्गशीर्षातला सोमवार. आक्का खिडकीशी, चार उशांना टेकलेली. बोलताना दर दोन शब्दांमागे थांबते, आणि थांबताना खांदे वर जातात. रत्नाने चहा केला, बशीत ओतला.

"साखर किती घालू?"

"घाल... दोन. तीन घाल." आक्काने दम घेतला. डोळ्यांत जुना मिस्कीलपणा होता, पण ओठ निळसर होते. "आता... कोण मोजतंय?"

रत्नाने बशी तिच्या ओठांना लावली. आक्काने डोळे मिटून भुरकलं, गिळलं, आणि दुसऱ्या घोटाआधी छाती भरायला लागली. करकर, थांबा, करकर. सवयीने रत्नाचा अंगठा बोटांच्या पेरांवर सरकू लागला. नऊ श्वास. मग एक घोट. मग अकरा.

ती मोजत राहिली. बशीतला चहा निवत गेला.